खंडेनवमीचा दंडा

खंडेनवमीच्या सकाळी शहरगाडी नेहमीसारखीच उशिरा आली. नानांनी खिशातलं घड्याळ काढून पाहिलं, काही न बोलता परत ठेवलं. इंदरगंजच्या थांब्यावर त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या पद्माला वाटलं, आता नाना पांडुरंगरावांना बोलणार. पण इंजिन पुरतं थांबायच्या आतच ड्रायव्हर पांडुरंगराव जगताप वाकून सांगू लागले, की नयाबाजाराच्या वळणावर रुळात म्हैस बसून राहिली होती. घंटा वाजवली, शिटी वाजवली, शेवटी हात जोडले.

"तिचा जबाब घेतला का?" नानांनी विचारलं.

"घेतला, साहेब. म्हणे, तुम्ही लवकर जाऊन तरी काय करून राहिले आहात."

डब्यातली माणसं हसली. नाना हसले नाहीत, पण चढताना त्यांनी पांडुरंगरावांकडे पाहून मान हलवली, आणि पांडुरंगरावांना तेवढं पुरत असे.

शहरगाडी म्हणजे अरुंद रुळांवरचं एक बुटकं इंजिन आणि मागे बाजू उघड्या असलेले दोन डबे. कंपूहून निघायची, बाड्याच्या चौकाला वळसा घालायची, इंदरगंजातून स्टेशनकडे आणि तिथून बिर्लानगरच्या गिरण्यांपर्यंत. भर रस्त्यातून, दुकानांच्या पायऱ्यांना लागून. संस्थान होतं तेव्हा ती संस्थानाची होती. संस्थान विलीन झालं, छोट्या लायनी दिल्लीच्या रेल्वेकडे गेल्या. गावातली ही गाडी त्या कागदांत कुठेच नव्हती, म्हणून मध्यभारत सरकारकडे उरली. आता मध्यभारतही राहणार नव्हता. एक नोव्हेंबरला नवं राज्य आणि भोपाळ ही नवी राजधानी. ग्वाल्हेरच्या कचेऱ्यांतून फायलींच्या पेट्या स्टेशनवर जात होत्या आणि त्यातल्या बऱ्याच याच गाडीनं जात होत्या.

मधुसूदन पोतनीस, म्हणजे नाना, या गाडीचे सुपरिंटेंडेंट. पद्मा त्यांची धाकटी मुलगी. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा गेला आणि ती या घरी परत आली, त्याला आता अकरा वर्षं झाली होती. बिर्लानगरला गिरणीकामगारांच्या मुलींच्या शाळेत ती शिकवत असे. सकाळी बापलेक एकाच गाडीनं जात. मागच्या डब्यातला शेवटचा बाक, कडेला नाना, आत पद्मा.

घरी त्या दोघांत फारसं बोलणं होत नसे. घरी नाना सगळ्यांचे असत. गाडीत मात्र ती त्यांना वाचलेलं सांगे. नानांनी आयुष्यात एकही कादंबरी हातात धरली नव्हती, पण इंदरगंज ते बिर्लानगर अशा तुकड्यातुकड्यांनी त्यांनी कितीतरी ऐकल्या होत्या. त्यांचे अभिप्राय नोकरशाहीतले असत. प्रेमभंग झालेल्या नायकाबद्दल ते एकदा म्हणाले होते, त्यानं बदली मागायला हवी होती. त्या दिवशीही तिनं सांगितलं. एक म्हातारा मुलाची वाट पाहतो, अशी काहीतरी गोष्ट होती. स्टेशन आलं तेव्हा नाना म्हणाले, येतो तो की नाही तेवढं सांग. ती म्हणाली, अजून माझंच वाचून व्हायचं आहे.

संध्याकाळी नाना दंडा घेऊन घरी आले.

दंडा म्हणजे हातभर लांबीचा शिसवी लाकडाचा तुकडा, दोन्ही टोकांना पितळ. ज्याच्या हातात दंडा, त्याचीच गाडी रुळावर. पूर्वी दोन इंजिनं होती, ती एकाच रुळावर समोरासमोर येऊ नयेत म्हणून हा नियम. दुसरं इंजिन भंगारात गेलं त्यालाही बरीच वर्षं झाली. नियम राहिला. दंडा इंजिनवर आल्याशिवाय पांडुरंगराव गाडी हातभरसुद्धा हलवत नसत.

खंडेनवमीला घरोघरी हत्यारांची पूजा होते. पोतनीसांच्या घरात तलवार कधीच नव्हती. पणज्यांचं कलमदान होतं, पद्माचा थोरला भाऊ भालचंद्र याचं पेन होतं, त्याची बायको राजलक्ष्मी हिचं शिवणयंत्र होतं, आईची विळी होती. आणि गेली कित्येक वर्षं त्यांच्यामध्ये, पाटावर, शहरगाडीचा दंडा असे. शेवटची फेरी झाली की नाना तो उपरण्यात गुंडाळून घरी आणत. रात्रभर तो देवघरापाशी बसे. दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा करून, झेंडूची माळ घालून ते तो परत नेत, आणि मग दसऱ्याची पहिली गाडी सुटे. हे संस्थानच्या दिवसांपासून चालत आलं होतं आणि याला कुणी परवानगी दिली होती असंही नाही.

नानांनी मंत्र म्हटले, आईनं एकेका वस्तूला हळदकुंकू लावलं. दंड्याला लावताना ती दर वर्षी तेच म्हणे, की बाई, यालाच जास्त लागतं, हा दिवसभर माझ्या सवतीकडे असतो. त्या वर्षीही म्हणाली. राजलक्ष्मी हसली. भालचंद्र आपलं पेन लवकर मोकळं होईल का म्हणून विचारत होता. भोपाळला जाणाऱ्यांच्या यादीवर त्याला सह्या करायच्या होत्या.

दसऱ्याला सकाळी नाना आंघोळ करून आले, सोवळं नेसता नेसता खाली बसले, आणि उठले नाहीत.

*

सुतक घरात आलं आणि देवघराचं दार ओढून घेतलं गेलं. देवांची पूजा करायला शेजारचे भटजी येऊन जात. पण बाहेर पाटावर मांडलेल्या वस्तू मांडलेल्याच राहिल्या. आवाहन झालं होतं, उत्तरपूजा झाली नव्हती. बसवलेल्या देवाला निरोप दिल्याशिवाय हलवत नाहीत, आणि निरोप द्यायचा कुणी? भटजी म्हणाले, तो घरच्यानंच द्यायचा, आणि घरच्यांना शिवायचं नव्हतं. पेनावाचून भालचंद्रचं अडलं नाही, त्यानं दुसरं घेतलं. विळीवाचून अडलं नाही. गाडी अडली.

पद्माचं सुतक तिसऱ्या दिवशी फिटलं. लग्न झालेली मुलगी परगोत्रातली, तिला बापाचं सुतक तीनच दिवस. ती अकरा वर्षं याच घरात राहत होती, याच्याशी शास्त्राला कर्तव्य नव्हतं. चौथ्या दिवशी तिनं डोक्यावरून पाणी घेतलं आणि स्वयंपाकघर तिच्याकडे आलं. सगळ्या घरात ती एकटी मोकळी होती. कुणी तिला शिवायचं नाही, तिनं कुणाला शिवायचं नाही. वरून वाढायचं, लांबून भांडं सरकवायचं. आई रडायला लागली की पाठीवर हात ठेवायला जायचं, म्हणजे पुन्हा आंघोळ. त्या आठवड्यात तिचे केस वाळले नाहीत.

भेटायला येणारे भालचंद्रजवळ बसत, आईजवळ बसत. तिच्याकडे ते पाणी मागत.

पांडुरंगराव आले ते पायरीवरच उभे राहिले. भालचंद्र दारात आला. त्याच्या डोक्याचे केस काढलेले होते आणि त्यामुळे तो एकदम नानांसारखा दिसत होता. पांडुरंगरावांनी मान खाली घातली आणि मग हळूहळू विषय काढला. गाडी उभी आहे. गिरणीवाले पायी जाऊन राहिले आहेत. बाड्यावरचे दुकानदार कचेरीत विचारायला गेले होते. तिथं उत्तर मिळालं, की गाडी कुणी बंद केलेली नाही, त्यामुळे ती सुरू करण्याचा प्रश्न येत नाही.

भालचंद्र म्हणाला, की एकच इंजिन आहे, दंड्यावाचून चालवली तर बिघडतं काय.

"दादासाहेब," पांडुरंगराव म्हणाले, "हेच साहेबांच्या समोर म्हटलं असतं का तुम्ही?"

 भालचंद्र म्हणाला, तेरावं होऊ द्या, मग बघू.

त्याला दुसरंही काही माहीत होतं, जे त्यानं सांगितलं नाही. सेक्रेटरिएटमधले त्याचे साहेब भेटायला आले होते तेव्हा हात धुताधुता सहज बोलून गेले होते. एक तारखेला जे चालू असेल ते नवं सरकार चालू म्हणून घेणार. जे उभं असेल ते उभंच राहणार. त्या गाडीचं ओझं कुणाला हवं आहे, पोतनीस? आपोआप सुटतंय तर सुटू द्या. आणि मग त्याच सुरात म्हणाले, की भोपाळच्या क्वार्टरांच्या यादीत तुमचं नाव वर आहे.

भालचंद्र वाईट माणूस नव्हता. त्याला भोपाळची भीती वाटत होती. तिथं तो कुणाचा मुलगा नव्हता. रात्री पडल्यापडल्या तो त्या न पाहिलेल्या क्वार्टरमध्ये माणसं बसवून पाही: इथं आई, इथं मुलं, आणि मागच्या खोलीत पद्मा तिच्या पुस्तकांसकट. पद्मा येणार का, हे त्यानं तिला विचारलं नव्हतं. ती येणार नाही असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. गाडी नाही म्हणजे बिर्लानगर नाही, बिर्लानगर नाही म्हणजे शाळा नाही. रोज दोन्ही वेळा टांगा करून विधवा बाईनं गिरण्यांकडे जायचं हे आईला चाललं नसतं आणि पद्माच्या पगारालाही परवडलं नसतं. सगळं आपोआप जुळत होतं.

दारामागे पद्मा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. दंडा तिथून दिसत होता. ती मोकळी होती, तिला तो उचलता आला असता. पण उत्तरपूजा तिनं करावी का, असं भटजींना विचारलं तेव्हा ते चाचरले होते, आणि शांताआत्या म्हणाली होती, सुतकातून सुटली म्हणून काय झालं, सवाष्ण थोडीच आहे.

*

तेराव्याचं गोडाचं जेवण झालं, पाहुणे पांगले. उरली घरचीच माणसं आणि शांताआत्या. आत्या नानांची थोरली बहीण, उज्जैनहून आलेली. तिच्या जिभेला घरातले सगळे भीत आणि ती आली नाही तर सगळ्यांना चुकल्यासारखं होई. पांडुरंगराव जेवायला होते. पान वाढलं तेव्हाच त्यांनी सांगून टाकलं होतं, की सकाळपासून इंजिनमध्ये आग घालून ठेवली आहे.

"मग जिलबी बेतानं खा," आत्या म्हणाली, "दोन्हीकडे एकदम वाफ नको."

पांडुरंगराव हसले, पण हात धुऊन ते गेले नाहीत. ओसरीच्या कडेला बसून राहिले.

राजलक्ष्मी आतल्या खोलीत सामान बांधत होती. ती बाहेर आली ती पद्माला विचारायला. "वन्सं, तुमची पुस्तकं एका पेटीत नाही बसत. निम्मी इथं कुणाला देऊन टाकायची का?"

पद्मा म्हणाली, बघते.

राजलक्ष्मी तिथंच उभी राहिली. ती ग्वाल्हेरातच वाढली होती, लवकर हिंदीत जाई. सासरच्या मंडळींत कधी कुणाच्या वाटेला गेली नव्हती. आता मात्र ती नवऱ्याकडे वळून म्हणाली, की यांना कुणी विचारलं तरी आहे का. "उन्होंने एक बार भी हां कहा है? मी तरी नाही ऐकलं."

भालचंद्र म्हणाला, विचारायचं काय त्यात, बहीण आहे माझी, तिला इथं टाकून जाऊ का? आणि राहील कशावर, गाडीच नाही.

"गाडी तर तुम्ही उभी ठेवली आहे," राजलक्ष्मी म्हणाली.

ती बोलली त्यात निम्मं पद्मासाठी होतं आणि निम्मं स्वतःसाठी. जन्मात पहिल्यांदा तिला स्वतःचं घर मिळणार होतं. पद्माला ते कळलं आणि तिला राग आला नाही. आपल्या बाजूनं कुणीतरी बोललं, हे इतकं नवं होतं, की ते का बोललं याकडे तिचं लक्ष नंतर गेलं.

मग भालचंद्रनं आपल्या साहेबांचं बोलणं सांगितलं. सगळं सांगितलं, क्वार्टरच्या यादीसुद्धा. पांडुरंगराव ऐकत होते. ते रागावतील असं भालचंद्रला वाटलं होतं. ते म्हणाले, मला भोपाळला कुठंतरी चिकटवून द्याल हे मला माहीत आहे दादासाहेब, तुम्ही साहेबांचे चिरंजीव आहात. पण एक फेरी. एक तारखेच्या आत गाडी रुळावरून गेलेली चार माणसांनी पाहिली, तर मग बंद करायला कुणालातरी सही करावी लागेल. आज तर सही न करताच ती मरून राहिली आहे.

हे आत्याला पटलं. ती नेहमी भालचंद्रच्या बाजूची, पण सही न करणाऱ्या माणसांचा तिला मनापासून तिटकारा होता. तिच्या सासरच्या जमिनी अशाच गेल्या होत्या. ती म्हणाली, भालू, तुझ्या बापानं इतकी वर्षं उशिराची गाडी चालवली, पण चालवली. सुतक संपलं आहे. ऊठ, त्याची उत्तरपूजा कर आणि देऊन टाक.

भालचंद्र बराच वेळ आपल्या तळहाताकडे पाहत होता. त्यानं मनात क्वार्टरची मागची खोली रिकामी करून पाहिली असावी. मग तो म्हणाला, माझ्या साहेबांचं मी बघून घेईन, आणि उठला.

"नेऊ नका," आई म्हणाली.

ती देवघरासमोर बसली होती. पाट तिच्या मांडीशी होता. तिनं दंड्यावर हात ठेवलेला होता, तापलेल्या मुलाच्या अंगावर ठेवावा तसा.

भालचंद्रनं समजावलं. आत्यानं समजावलं. वस्तू सरकारी आहे, आज ना उद्या द्यावी लागणार. आईनं सगळं ऐकून घेतलं. तिला त्यांचं बोलणं खरं वाटत होतं. पण तिला दंड्यावरचा तो वाळलेला लाल ठिपका दिसत होता. तो लावताना ती सवतीची थट्टा करत होती. हे हसले होते का? नाही, मंत्र चुकेल म्हणून त्यांनी हात वर केला होता. दुसऱ्या दिवशी बायकांनी तिचं कपाळ पुसलं. घरातल्या आरशावरची टिकली राजलक्ष्मीनं कुणी न सांगता काढून टाकली. एवढा एक ठिपका राहिला होता, कारण सुतकात त्याला कुणी शिवलं नाही.

"ते कुंकू माझ्या हातचं आहे," आई म्हणाली. "शेवटचं. इंजिनवर गेलं की तासाभरात पुसलं जाईल."

 भालचंद्र होता तिथंच उभा राहिला. पांडुरंगराव उठून पायरीवर गेले आणि पाठ करून उभे राहिले.

पद्मा येऊन आईसमोर बसली. तिला आपलं शेवटचं कुंकू आठवेना. ते कुठल्यातरी साध्या दिवशी, घाईत लावलं असणार. ते शेवटचं आहे, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि नंतर कुणी विचारलंही नव्हतं. आईनंसुद्धा नाही. तेव्हा आईच्या कपाळावर कुंकू होतं आणि ती पद्मासमोर फार वेळ बसत नसे.

"मी काढून ठेवू का आई?" पद्मा हळू म्हणाली. "कागदावर टिपून. पोथीत राहील तुझ्याजवळ."

"तू राहू दे." आईचा आवाज चढला. "तुझं काय आहे. तुझं तर तिसऱ्या दिवशीच फिटलं."

म्हटलं आणि तिचं तिलाच ऐकू आलं. ते परत घेता आलं असतं तर तिनं घेतलं असतं. पण तिला ती सवय नव्हती, म्हणून ती तशीच पुढं बोलत गेली. सगळे एक झालात तुम्ही. पांडुरंगरावांना भोपाळला काम मिळेल. दुकानदार टांगे करतील. गिरणीवाल्यांना पाय आहेत. आणि ज्यांची गाडी होती त्यांना आता कुठं जायचं नाही. मग हे कोणासाठी चाललं आहे? कोणासाठी उचलायचा हा इथून?

पद्माजवळ उत्तरं होती. उन्हातून चालत कामावर जाणारी माणसं होती. शाळेतल्या मुली होत्या. नानांचं आयुष्यभराचं काम होतं. सगळी खरी होती. या घरात इतकी वर्षं तिनं जे मागितलं ते असंच, दुसऱ्या कुणाच्या तरी नावानं मागितलं होतं. शाळेची नोकरी मागितली तेव्हा मुलींना बाई मिळत नाहीत म्हणून. वाचनालयाची वर्गणी मागितली ती दादाच्या मुलांच्या नावानं. विधवेनं स्वतःसाठी मागू नये असं कुणी तिला शिकवलं नव्हतं. ते तिनं वाचून, पाहून, आपलं आपण शिकून घेतलं होतं.

"माझ्यासाठी," ती म्हणाली.

आत्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"मला भोपाळला यायचं नाही, दादा. आधी सांगायला हवं होतं. मला इथं राहायचं आहे आणि शाळेत जायचं आहे. त्यासाठी मला ती गाडी हवी आहे." तिचा आवाज वर्गात असतो तसाच होता. फक्त हात मांडीवर घट्ट धरलेले होते. "आणि आई, माझं फिटलेलं नाही. तीन दिवसांनी मला स्वयंपाकघर दिलंत, मी स्वयंपाक केला. माझे वडील गेले आहेत हे मला कुणी म्हटलं नाही. पाणी तेवढं मागितलं."

भालचंद्र काहीतरी बोलायला गेला आणि राजलक्ष्मीनं त्याच्या बाहीला हात लावला.

आईनं बराच वेळ पद्माकडे पाहिलं. तिच्या ओल्या केसांकडे, रिकाम्या कपाळाकडे. आपल्याही कपाळाला आता तसंच वारं लागतं, हे त्या दिवसांत तिला जाणवलं होतं आणि ते कुणाला सांगावं ते कळलं नव्हतं. ते सांगण्याजोगं माणूस घरातच होतं.

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळून दंड्यावरचा ठिपका टिपला. थोडा पदराला लागला, बाकीचा लाकडात मुरला होता. मग तिनं अक्षतांची वाटी पद्माकडे सरकवली. आत्या काही म्हणेल म्हणून तिनं आत्याकडे पाहिलं. आत्या म्हणाली, मंत्र मी सांगते, तू अक्षता टाक, पोरी.

पद्मानं अक्षता टाकल्या. तांदळाचे दाणे पितळेवर पडून इकडेतिकडे गेले. तिनं दंडा जागेवरून हलवला आणि उचलला. तिला वाटलं होतं त्यापेक्षा तो जड होता. भालचंद्र पायरीपर्यंत जाऊन पांडुरंगरावांना आत बोलावू लागला.

आई अजून तिच्याकडेच पाहत होती.

"आम्ही सगळे जाऊ," आई म्हणाली. "हे नाहीत. तू इथं एकटी कशी राहशील, पद्मा?"

ते तिनं टोमण्यानं विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. म्हणून पद्मानंही खरंच सांगितलं.

"एकटी मी या घरात होते, आई. अकरा वर्षं. त्या गाडीत नव्हते."